नॅसचा फायरवॉल चालू आहे, तरी बाहेरून फाईल उघडते? घरच्या घरी असं तपासा

मागच्या मे महिन्यात भर दुपारी मामांना एक फोन आला. मामांचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं काम आहे, आणि जॅकार्डची, म्हणजे नक्षीच्या विणकामाची, सगळी डिझाईन्स घरी मुरारजी पेठेत वरच्या खोलीतल्या नॅसवर, फायली साठवायच्या डब्यावर, ठेवलेली असतात, त्याच डब्यात घरचे फोटो, भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ, जीएसटीची कागदं सगळंच. फोन करणारा मुलगा आधी मामांकडंच डिझाईनला होता, दिवाळीच्या आधी काम सोडून पुण्याला गेला. तो म्हणाला, "अण्णा, तुमचं डिझाईनचं फोल्डर अजून उघडायलंय बघा माझ्या मोबाईलवर. मी काय हात लावला नाही, पण तेवढं बंद करून टाका."

पोरगा प्रामाणिक म्हणून त्यानं स्वतःहून सांगितलं. या धंद्यात नवीन डिझाईन बाजारात यायच्या आधी दुसऱ्याच्या यंत्रमागावर चढलं तर अख्खा सीझन हातचा जातो, त्यामुळं मामा त्या दिवशी जेवलेच नाहीत नीट. मला बोलावलं आणि पहिलं वाक्य हेच, "फायरवॉल तर चालू आहे की रे, हिरवी टिक दिसायली."

टिक खरंच होती. नियमही बरोबर होता, घरातल्या वायफायवरून आलेला चालेल, बाकी सगळे बंद. आणि तरी पुण्यातून फोल्डर उघडत होतं. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांत मी हेच बघितलं, म्हणून नवीन नॅस घेतलेल्यांसाठी सगळं क्रमानं लिहितोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅस म्हणजे राउटरला वायरनं जोडलेला हार्डडिस्कचा डबा, ज्याला स्वतःचं छोटं कॉम्प्युटर असतं आणि घरातला कुठलाही मोबाईल, लॅपटॉप त्यातल्या फायली उघडू शकतो.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ होतील

फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन असतो, तो बाहेरून येणाऱ्याला विचारतो कोण, कुठून आला, कुणाला भेटायचंय. नॅसचा फायरवॉल म्हणजे हाच वॉचमन. पण समजा आत ऑफिसात बसलेल्या माणसानं सकाळी स्वतःहून पुण्याला फोन लावला आणि लाईन दिवसभर चालूच ठेवली, पुण्याच्या टोकाला जो येईल तो त्याच फोनवरून आतल्या माणसाशी बोलतोय, फाईल मागतोय, आतला देतोय. गेटवरून कुणी आलंच नाही मग वॉचमन अडवणार कुणाला?

नॅस कंपन्यांची क्लाउड सेवा अशीच चालते. सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट, क्यूनॅपचं मायक्यूनॅपक्लाउड, वेस्टर्न डिजिटलचं माय क्लाउड, नावं वेगळी. डबा चालू झाला की तो स्वतः कंपनीच्या सर्व्हरला कनेक्शन लावतो आणि ते धरून ठेवतो. तुम्ही बाहेरून ॲप उघडलं की ॲप आधी घरातला सरळ रस्ता शोधतं, तो नाही मिळाला तर इंटरनेटवरून थेट जमतंय का बघतं, आणि काहीच नाही जमलं तर कंपनीच्या रिले सर्व्हरमधून, म्हणजे त्या उघड्या लाईनवरून आत येतं. घरगुती नॅसचा फायरवॉल साधारणपणे बाहेरून आत येणारी कनेक्शनच तपासतो. आतून बाहेर गेलेल्या कनेक्शनचं उत्तर तो आपोआप आत सोडतो, आणि ते सोडायलाच लागतं, नाहीतर डब्याला अपडेटसुद्धा उतरवता येणार नाही.

म्हणजे फायरवॉल खोटं बोलत नाही आणि बिघडलेलाही नाही. तो जे काम करतो ते वेगळं आणि आपल्याला जे वाटतं ते वेगळं, आणि दुकानदारानं किंवा बसवून देणाऱ्यानं हे सांगितलेलं नसतं.

पायरी १ : मोबाईल डेटावर तपासा, घरच्या वायफायवर नाही

इथंच बहुतेक जण चुकतात. घरी सोफ्यावर बसून वायफाय चालू ठेवून ॲप उघडतात आणि म्हणतात उघडलं की, किंवा नाही उघडलं की. घरच्या वायफायवर ॲप सरळ घरातल्या रस्त्यानंच डब्याकडं जातं, त्यातून बाहेरच्या रस्त्याबद्दल काहीच कळत नाही.

मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन मिळाला तर अजून बरं. आता त्या फोनवरून नॅसचं ॲप उघडा, आणि ब्राउझरमधूनही बघा. सिनॉलॉजीचं असेल तर क्विककनेक्ट डॉट टू, मग तिरकी रेघ आणि तुमचा आयडी. लॉगिनचं पान आलं तर रस्ता उघडा आहे, फायरवॉलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आम्ही यात पाऊण तास घालवलाय. फोटोचं ॲप जुने छोटे फोटो फोनमध्येच साठवून ठेवतं. आम्ही सगळं बंद केलं, मामांनी डेटावर ॲप उघडलं, आणि फोटो दिसायलेत! मामांचा चेहराच उतरला. मग मी लॅपटॉपवरून नॅसमध्ये एक नवीन फाईल टाकली, "तपासणी" नावाची, आणि म्हटलं आता ही शोधा. ती फोनवर आली नाही, जुन्या फोटोवर बोट ठेवून मोठा करायला गेलं की नुसतं गोल फिरत राहायचं. म्हणजे दिसत होते ते फोनमधलेच होते. तेव्हा तपासताना नेहमी आत्ता टाकलेली नवीन फाईल उघडून बघा, जुन्या फोटोवर जाऊ नका.

पायरी २ : बाकीचे दरवाजे मोजा

क्लाउडचा रस्ता एक झाला. दुसरा म्हणजे राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग, पोर्ट म्हणजे नंबर दिलेला दरवाजा, तो बाहेरच्यांसाठी उघडून नॅसकडं वळवायचा, आणि तिसरा, जो लोकांना माहीतच नसतो, यूपीएनपी. यूपीएनपी चालू असेल तर घरातलं यंत्र राउटरला स्वतःच सांगतं की माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड, आणि राउटर तुम्हाला न विचारता उघडतो.

राउटरचं पान उघडा. जिओचा राउटर असेल तर पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, बऱ्याच इतरांचा १९२.१६८.१.१. पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो किंवा बसवणाऱ्यानं बदललेला असतो, मग त्यालाच विचारा. आत पोर्ट फॉरवर्डिंगची यादी बघा, त्यात नॅससाठी काही ओळी असतील, सिनॉलॉजीचे नेहमीचे पोर्ट ५००० आणि ५००१, क्यूनॅपचे ८०८० आणि ४४३, तर त्या काढा. यूपीएनपी बंद करा. यानं टीव्ही, कॅमेरा काही बंद पडत नाही सहसा, पोरांच्या ऑनलाईन गेममध्ये कधी अडचण येते तेवढीच.

हे एवढं का सांगतोय, तर उघड्या पोर्टनं खरंच लोकांचं नुकसान झालंय. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडं ०.०३ बिटकॉइन मागितले. तेव्हा कंपनीनंच लोकांना सांगितलं की पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांतला डेटा बाहेरून कुणीतरी पुसून टाकला, त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेटच आलेलं नव्हतं. तेव्हा जुना डबा असेल तर त्याला इंटरनेटचं तोंडच दाखवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गैरसमज. "आमच्याकडं स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, नाही, मग बाहेरून कोण येणार?" राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यानं सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात, म्हणजे कंपनीनं एकच बाहेरचा पत्ता खूप घरांना वाटून दिलाय. अशा घरात पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, हे खरं. पण रिले चालतो, कारण तो आतून बाहेर लावलेला फोन आहे. मामांच्या घरी हेच होतं. पोर्ट एकही उघडा नाही, सीजीनॅट आहे, फायरवॉल चालू आहे, आणि तरी पुण्यात फोल्डर उघडत होतं.

आणि आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा इंटरनेटचा पत्ता, विसरू नका. आपल्याकडं बऱ्याच फायबर कनेक्शनवर आता नॅसलासुद्धा जगभर चालणारा आयपीव्ही६ पत्ता मिळतो, जिओवर तो २४०९ नं सुरू होतो. तिथं सीजीनॅटची आडकाठी नसते, राउटरचा फायरवॉल अडवेल तेवढंच. नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही६ दिसतो का बघा, गरज नसेल तर तिथंच बंद करा.

पायरी ३ : बंद करायच्या आधी घरातला रस्ता पक्का करा

घाईत क्विककनेक्ट बंद केलं आणि मग घरातल्या कुणालाच फायली उघडेनात, असं होऊ देऊ नका. बऱ्याच घरांत सगळ्यांच्या फोनवर ॲपमध्ये तो क्लाउडचा आयडीच टाकलेला असतो, घरातला आयपी कुणाला माहीतच नसतो.

राउटरमध्ये नॅसला एक पत्ता कायमचा बांधून द्या, त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. नाहीतर उन्हाळ्यात लाईट गेली, आली की डबा नवीन पत्ता घेतो आणि सगळे शोधत बसतात. मग प्रत्येक फोनवरच्या ॲपमध्ये आयडीच्या जागी तो आयपी टाका, लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्ह जोडा, आणि घरात बसून एकदा फाईल उघडून बघा. मामींच्या फोनवर, भाच्याच्या टॅबवर, सगळ्यांच्या. मामींनी तो आयपी कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला, मला ते फार आवडलं.

काही डबे असे असतात की घरातसुद्धा लॉगिन कंपनीच्या सर्व्हरवरूनच होतं. मार्च २०२३ च्या शेवटी वेस्टर्न डिजिटलच्या नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची क्लाउड सेवा बंद पडली आणि माय क्लाउड होम वापरणाऱ्या लोकांना टेबलावर समोर ठेवलेल्या डब्यातल्या स्वतःच्या फायली उघडता येईनात. तेव्हा तुमच्या डब्यात लोकल ॲक्सेस असा पर्याय असेल तर तो आजच चालू करून ठेवा, आणि नवीन घेणार असाल तर घ्यायच्या आधी विचारा की इंटरनेट बंद असताना घरात चालतो का.

पायरी ४ : सेवा मुळातून बंद करा

सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनल, मग एक्स्टर्नल ॲक्सेस, मग क्विककनेक्ट, तिथली टिक काढा आणि अप्लाय दाबा. पूर्ण बंद करायचं नसेल तर तिथंच ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दोन गोष्टी मिळतात, रिले सेवा चालू ठेवायची की नाही, आणि क्विककनेक्टमधून कुठली ॲप्लिकेशन्स दिसू द्यायची. म्हणजे फोटो बाहेरून चालतील पण फाईल स्टेशन, म्हणजे फायली बघायचं ॲप, आणि मुख्य सेटिंगचं पान बाहेरून उघडणार नाही असं करता येतं. क्यूनॅपमध्ये मायक्यूनॅपक्लाउडच्या ॲपमध्ये जाऊन क्लाउडलिंक बंद करायचं, आणि राउटर आपोआप सेट करण्याचा जो पर्याय आहे तोही.

एक परिणाम आधीच सांगतो, क्विककनेक्टच्या पत्त्यानं कुणाला शेअर लिंक पाठवल्या असतील तर त्या बंद पडतात. मामांनी दोन गिऱ्हाईकांना सॅम्पलच्या लिंक दिल्या होत्या, त्यांना आधी फोन करून फायली मेलवर पाठवल्या आणि मगच बंद केलं.

आणि वापरणाऱ्यांची यादी. हे मी खरंतर सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. काम सोडून गेलेल्या मुलाचं खातं तसंच चालू होतं, पासवर्डही तोच. यात फायरवॉलचा काही संबंधच नाही. कंट्रोल पॅनलमधली युजर्सची यादी उघडा, जो आता घरात किंवा कामावर नाही त्याचं खातं डिसेबल करा, ॲडमिन नावाचं मूळ खातं बंद ठेवा, आणि उरलेल्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. ही पाच मिनिटं घालवल्याशिवाय बाकीचं सगळं करून उपयोग नाही.

पायरी ५ : आता फायरवॉल, आणि तो बरोबर लावा

फायरवॉल निरुपयोगी आहे असं कुणी समजू नका. चुकून एखादा पोर्ट उघडा राहिला तर त्यासाठी तो पाहिजेच. सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनल, सिक्युरिटी, फायरवॉल. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो चालतो, खालचे बघितलेच जात नाहीत. म्हणून आधी घरच्या नेटवर्कला परवानगी, आणि सगळ्यात खाली सगळ्यांना मनाई.

घरचं नेटवर्क म्हणजे काय ते मात्र स्वतःच्या घरात बघून लिहा. व्हिडिओ बघून लोक १९२.१६८.१.० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असं टाकतात, घरात जिओचा राउटर १९२.१६८.२९ वाला असतो, आणि मग स्वतःच बाहेर! सिनॉलॉजी असं होताना बहुतेक वेळा ओळखतो आणि नियम परत पहिल्यासारखे करतो, पण त्यावर विसंबू नका. अडकलातच तर डब्याच्या मागं बारीक भोकात रिसेटचं बटण असतं, पिन घालून साधारण ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबायचं आणि सोडायचं. त्यानं फायरवॉलचे नियम बंद होतात, नेटवर्क सेटिंग आणि ॲडमिनचा पासवर्ड मूळ होतो, फायली जात नाहीत. बीपनंतर लगेच दुसऱ्यांदा दाबू नका, ती सिस्टीम नव्यानं टाकायची खूण असते.

ज्यांना डब्यानं बाहेर फोन लावूच नये असं पाहिजे, त्यांनी ते नॅसमध्ये करायला जाऊ नये, राउटरमध्ये करावं. ॲक्सेस कंट्रोल किंवा पॅरेंटल कंट्रोलमध्ये नॅस निवडून त्याचं इंटरनेट बंद करायचं. घरातली देवघेव चालूच राहते. पण मग अपडेट येत नाहीत, घड्याळ हळूहळू चुकतं, हार्डडिस्क खराब व्हायला लागली तर येणारा मेल येत नाही, आणि क्लाउडवर जाणारा बॅकअपही थांबतो. मला हे घरगुती वापरासाठी जास्तीचं वाटतं, जुना, अपडेट बंद झालेला डबा असेल तर मात्र हेच करा.

बाहेरून खरंच लागत असेल तर

मामांना मुंबईला गिऱ्हाईकाकडं गेल्यावर डिझाईन दाखवायला लागतात. त्यासाठी टेलस्केल बसवलं, म्हणजे फक्त आपल्या यंत्रांचं खासगी नेटवर्क बनवणारं ॲप, सिनॉलॉजीच्या पॅकेज सेंटरमध्ये मिळतं, मामांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर तेच ॲप, एकाच खात्यानं लॉगिन. सीजीनॅटच्या मागूनही चालतं. फरक एवढा की क्विककनेक्टचा आयडी माहीत असलेल्या कुणालाही लॉगिनचं पान तरी दिसतं, इथं तुम्ही जोडलेल्या यंत्रांशिवाय कुणाला डबा दिसतच नाही.

पण हेही आतूनच बाहेर लावलेलं कनेक्शन आहे, तेव्हा नॅसचा फायरवॉल याला अडवेल अशी अपेक्षा धरू नका. कुठलं यंत्र जोडलेलं आहे ते टेलस्केलच्या स्वतःच्या पानावर दिसतं, फोन हरवला किंवा विकला की तिथून तो लगेच काढायचा.

पायरी ६ : परत तपासा, आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या

सगळं झाल्यावर पायरी १ पुन्हा. वायफाय बंद, डेटा चालू, नवीन फाईल. आम्ही त्या मुलालाच फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "थांबा अण्णा, बघतो." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, आणि मग, "नाही येईना आता. फिरतंय नुसतं, कनेक्ट होत नाही म्हणतंय." मामांनी त्याला सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आलास की घरी ये म्हणून सांगितलं.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. राउटर बिघडला की कंपनीचा माणूस येऊन नवीन लावून जातो, त्यात यूपीएनपी परत चालू असू शकतो आणि घरच्या नेटवर्कचा आकडाही बदलू शकतो. नॅसचं मोठं अपडेट आलं, नवीन ॲप टाकलं, घरात कुणी "बाहेरून दिसत नाही" म्हणून सेटिंगमध्ये हात घातला, की पायरी १ आणि २ परत करा, दहा मिनिटांचं काम आहे. मामांच्या कपाटावरच्या त्या कागदावर आयपीच्या खाली मामी आता तपासल्याची तारीखही लिहितात.